सुग्गलादेवीला कुणी विचारलं?

सोलापूरच्या ग्रामदैवताची गोष्ट एका न बोलणाऱ्या मुलापासून सुरू होते.

काळ बाराव्या शतकाचा. गावाचं नाव तेव्हा सोन्नलगी. मुद्दुगौडा आणि सुग्गलादेवी यांना रेवणसिद्धांच्या आशीर्वादाने मुलगा होतो. मुलगा वाढतो, पण बोलत नाही. इतर पोरांसारखा खेळत नाही, कशात मन घालत नाही. हा मंद आहे, असं वाटू लागतं. त्याला गुरं राखायला रानात पाठवतात. एक दिवस तिथे मल्लय्या नावाचा जंगम येतो, भूक लागली म्हणतो आणि दही-भात मागतो. मुलगा धावत घरी येतो आणि आईकडे दही-भात मागतो. न बोलणारं पोर बोललं! तो रानात परत जातो, तर मल्लय्या गायब. त्याला हाका मारत मुलगा थेट श्रीशैलला पोचतो. तिथे त्याला मल्लिकार्जुनाचं दर्शन होतं. पुढे गावी येऊन तो तळं खोदवतो, मंदिर उभारतो, कन्नडमध्ये वचनं रचतो. हेच आपले सिद्धरामेश्वर.

राघवांक या कन्नड कवीने 'सिद्धराम चरित्रे' या काव्यात हे चरित्र सांगितलं. पुढे ते प्रवचनांतून, यात्रेतल्या पुस्तिकांतून, आजीच्या तोंडून आपल्यापर्यंत आलं. सांगणाऱ्यागणिक तपशील थोडे बदलतात, सांगाडा हाच राहतो. नवी पेठेतून निघालं की थोड्या वेळात चालत सिद्धेश्वराच्या तळ्यापाशी पोचता येतं. संक्रांतीला गड्डा भरतो, नंदीध्वज निघतात, अक्षता पडतात. या सगळ्या सोहळ्याच्या मुळाशी एका आईची काळजी आहे, हे मात्र सहसा कुणाच्या मनात येत नाही.

हा लेख त्या काळजीबद्दल आहे. नेमकं सांगायचं तर, अपंग किंवा 'वेगळ्या' मुलांच्या आईबापांनी, आणि त्यांच्याबद्दल इतरांनी, देवाला साक्षी ठेवून जे लिहिलं त्याबद्दल. असं लेखन कधी खरं वाटतं आणि कधी पोकळ? श्रद्धा असली की लेखन आपोआप गोड-गोड होतं, असं अनेक तरुण वाचकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. माझ्या मते अडचण श्रद्धेची नसून घाईची आहे. हे लेखन शेवटाकडे फार लवकर पोचतं.

मधली वर्षं

सिद्धरामांच्या गोष्टीत 'मुलगा बोलत नाही' हे एक वाक्य आहे. पुढच्या एक-दोन वाक्यांत जंगम येतो. या वाक्यांच्या मधल्या फटीत किती वर्षं गेली असतील?

सुग्गलादेवीने त्या वर्षांत काय केलं? कुठे नवस बोलली? पाणवठ्यावर बायकांनी काय विचारलं? गावातला मानकरी असलेल्या मुद्दुगौडाने लोकांच्या पंगतीत मुलाचा विषय कसा टाळला? रेवणसिद्धांनी तर थोर मुलाचं भाकीत केलं होतं. मग हे असं कसं झालं, असं म्हणून ती देवाशी एकदा तरी बोलली असेल का?

कथा हे सांगत नाही, आणि त्यात कथेचा दोष नाही. ती संताची कथा आहे. तिला मुलाच्या मौनात योग्याचं मौन दाखवायचं आहे. ऐकणाऱ्याला शेवट आधीच माहीत असतो, त्यामुळे आईच्या काळजीत त्याचा जीव गुंतत नाही. उलट, 'वेडी गं, तुला कळलंच नाही तुझ्या पोटी कोण आलंय' असं म्हणत तो तिच्याकडे थोडं कौतुकाने आणि थोडं वरून बघतो.

खरी पंचाईत होते ती हा साचा आजच्या लेखनात उतरतो तेव्हा. पुरवण्यांतल्या लेखांत, मातृदिनाच्या भाषणांत, फोनवर दिसणाऱ्या मुलाखतींत तो ओळखू येतो. आधी धक्का, मग 'देवाने परीक्षा पाहिली', मग शेवटी दहावीचा निकाल, पदक, तबला, चित्रांचं प्रदर्शन. जंगमाच्या जागी ट्रॉफी आली एवढंच. 'यलो' (२०१४) हा डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटूची गोष्ट सांगणारा चित्रपट चांगला आहे, आणि ते यश खरंखुरं आहे. पण ज्या मुलाला पोहता येणार नाही, बोलता येणार नाही, तिसाव्या वर्षीही ज्याला जेवण भरवावं लागेल, त्याच्या आईने या साच्यात स्वतःची गोष्ट कशी बसवायची? तिच्याकडे शेवटच नाही. म्हणून ती लिहीत नाही. आणि ती लिहीत नाही म्हणून आपल्याला वाटत राहतं की सगळ्यांच्या गोष्टी अशाच सुफळ संपूर्ण होतात.

देवदूत फार छान बोलतात

'देव खास मुलं खास आईबापांच्याच पदरात टाकतो' या अर्थाचा मजकूर तुमच्याही फोनवर कधीतरी आला असेल. कुटुंबाच्या ग्रुपवर कुणी मामी पाठवते, खाली हात जोडलेले इमोजी पडतात. वाटतं हे आपल्याकडचं. पण याच घाटाचा एक फार गाजलेला मजकूर अमेरिकेतला आहे. अर्मा बॉम्बेक ही घरसंसारावर विनोदी सदर लिहिणारी लेखिका. १९८०च्या सुमारास तिने एक सदर लिहिलं. त्यात देव स्वर्गात बसून कुठलं मूल कुठल्या आईला द्यायचं ते ठरवतो आणि अपंग मूल मुद्दाम एका हसऱ्या, खंबीर बाईला देतो. बॉम्बेकचा हेतू प्रेमाचा होता, आणि अनेक आयांना त्याने धीर आला, हेही खरं.

पण या कल्पनेचं दुसरं टोक बघा. तुझी निवड खंबीर म्हणून झाली असेल, तर तुला खचायची सोय उरत नाही. रात्री तीन वाजता मुलाला फिट आल्यावर 'मला हे नको होतं' असं मनात आलं, तर तू देवाची निवड चुकवलीस! कौतुकाच्या नावाखाली हे तोंड बंद करणं झालं. शिवाय आपल्याकडे हे वाक्य दुसऱ्या एका वाक्याच्या शेजारी राहतं: 'मागच्या जन्मी काय पाप केलं होतं कुणास ठाऊक.' किंवा 'ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?' ही दोन वाक्यं परस्परविरोधी वाटतात, पण काम एकच करतात. दोन्हींत मुलाचं अपंगत्व आईच्या पात्रतेशी जोडलं जातं. एकात बक्षीस म्हणून, दुसऱ्यात शिक्षा म्हणून. सणाच्या गर्दीत नवी पेठेतल्या कपड्यांच्या दुकानात मुलाला घेऊन उभ्या असलेल्या आईला एकाच संध्याकाळी दोन्ही ऐकायला मिळू शकतात.

याच घाटाचं, पण जास्त गंभीर पुस्तक म्हणजे डेल इव्हान्स रॉजर्स यांचं 'एंजल अनअवेअर' (१९५३). डेल इव्हान्स ही अमेरिकेतली लोकप्रिय अभिनेत्री-गायिका, आणि श्रद्धाळू ख्रिस्ती. १९५० मध्ये तिला डाउन सिंड्रोम असलेली मुलगी झाली, रॉबिन. अशा मुलांना संस्थेत ठेवून विसरून जा, असा सल्ला तेव्हा सर्रास दिला जाई. या आईबापांनी मुलीला घरी ठेवलं. दुसऱ्या वाढदिवसाच्या तोंडावर रॉबिन गेली. आईने पुस्तक लिहिलं ते मुलीच्या तोंडून. स्वर्गात पोचलेली रॉबिन देवाला आपल्या पृथ्वीवरच्या दोन वर्षांचा वृत्तांत सांगते.

या पुस्तकाचं मोल कमी नाही. अशी मुलं घराच्या आतल्या खोलीत लपवली जात असताना एका नामवंत बाईने मुलीचं नाव आणि निदान छापून टाकलं. पुस्तकाचं उत्पन्न अशा मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिलं. त्यानंतर अनेक घरांनी आपली मुलं लोकांत आणायला सुरुवात केली. एका छोट्या पुस्तकाने याहून जास्त काय करावं?

तरीही ते वाचताना एक गोष्ट खटकते. रॉबिन बोलते ती मेल्यानंतर, आणि अगदी नीटस, समजूतदार भाषेत. आपण पृथ्वीवर का आलो होतो, तर आईबापांना देवाजवळ आणायला, हे तिला पक्कं ठाऊक आहे. जिवंतपणी जिला शब्द नव्हते तिच्या तोंडी आईने स्वतःला हवे असलेले शब्द घातले. सिद्धरामांच्या कथेतही न बोलणारा मुलगा शेवटी वचनकार होतो. तेराव्या शतकाच्या आसपासचा कन्नड कवी आणि विसाव्या शतकातली अमेरिकन अभिनेत्री यांनी न बोलणाऱ्या मुलाचं काय करायचं या प्रश्नाला एकच उत्तर शोधलं: त्याला बोलतं करायचं. मूल न बोलताच पूर्ण आहे, हे लिहायची हिंमत दोघांनाही झाली नाही.

आपल्या सरकारी भाषेतही हा देवदूत येऊन बसला आहे. २७ डिसेंबर २०१५च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी 'विकलांग'ऐवजी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला. पुढे तो कार्यालयांच्या पाट्यांवर, अर्जांवर आला. अनेक अपंग कार्यकर्त्यांनी तेव्हाच हरकत घेतली होती: आम्हाला दिव्यत्व नको, रॅम्प द्या. शब्द दिला तो आदराने, हे मान्य. पण 'दिव्य अवयव' आहे की नाही हे टक्क्यांत मोजून घ्यायला आई मुलाला कडेवर घेऊन सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभी राहते, तेव्हा भाषा आणि रांग यांतलं अंतर तिला चांगलं कळतं. ४० टक्के भरले तर सवलती, ३८ भरले तर घरी जा.

न छापली जाणारी प्रार्थना

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांच्याकडून एक प्रार्थना हमखास ऐकू येते, बहुतेक वेळा हळू आवाजात: 'देवा, याला माझ्या एक दिवस आधी ने.'

ही प्रार्थना मला मराठी भक्तिलेखनात कुठे ठळकपणे भेटत नाही. आईने मुलासाठी आयुष्य मागायचं असतं. साऱ्या व्रतकथा त्यासाठी आहेत. जी आई उलटं मागते तिच्यासाठी कहाणी नाही. आणि तरी ही प्रार्थना श्रद्धेतूनच येते. देव नसता तर ती कुणाकडे मागितली असती? तिच्यात प्रेम आहे, थकवा आहे, आणि समाजावरचा पूर्ण अविश्वासही आहे. आपल्या माघारी याला कुणी न्हाऊ घालेल, याची चड्डी कुणी बदलेल, याच्या अंगाला कुणी वाईट हात लावणार नाही, यातल्या कशाचीच खात्री तिला नाही.

पर्ल बक यांनी या प्रार्थनेजवळचं काहीतरी लिहून ठेवलं. त्या चीनमध्ये काम करणाऱ्या ख्रिस्ती मिशनरी घरात वाढल्या, १९३८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मुलीच्या बौद्धिक अपंगत्वाबद्दल मात्र त्या कितीतरी वर्षं गप्प राहिल्या. १९५० मध्ये आलेल्या 'द चाइल्ड हू नेव्हर ग्रू' या छोट्या पुस्तकात त्यांनी कबूल केलं, की मुलीला मरण आलं तर मी त्याचं स्वागत करीन, कारण मग ती कायमची सुरक्षित असेल. त्या पुस्तकात देवदूत नाही. डॉक्टरांकडून डॉक्टरांकडे केलेल्या फेऱ्या आहेत. मुलीला शिकवण्याच्या हट्टात तिलाच त्रास होतोय हे लक्षात आल्याचा क्षण आहे. 'एंजल अनअवेअर' तीन वर्षांनी आलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. एक आई अर्थ सापडल्यावर लिहिते, दुसरी अर्थ न सापडताही लिहिते.

अरुण शौरी यांचं 'डज ही नो अ मदर्स हार्ट?' (२०११) आणखी पुढे जातं. शौरींच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. कर्म, ईश्वरी इच्छा, परीक्षा ही धर्मांनी दिलेली दुःखाची स्पष्टीकरणं ते एकेक करून मुलापुढे ठेवतात आणि विचारतात: हे उत्तर याच्या तोंडावर देता येईल का? देता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. हे पुस्तक मराठी वाचकाने जरूर वाचावं, विशेषतः 'प्रारब्ध' हा शब्द सहज वापरणाऱ्यांनी. पण ते जिथे थांबतं तिथे बऱ्याच आयांची गोष्ट सुरू होते. कर्मसिद्धान्त पटत नाही हे त्यांनाही कळतं, तरी गुरुवारी त्या दिवा लावतात. त्यांची श्रद्धा स्पष्टीकरणावर उभी नाही. ती सोबतीवर उभी आहे. रात्री जागं कुणीच नसतं, तेव्हा ज्याच्याशी बोलता येतं तो देव. या श्रद्धेला शौरींचा युक्तिवाद लागू पडत नाही आणि फोनवरचा देवदूतही पुरत नाही.

भांडायची भाषा

अशा श्रद्धेसाठी मराठीत भाषा नाही असं मुळीच नाही. उलट फार थोड्या भाषांत ती इतकी समृद्ध असेल. जनाबाईच्या नावावर असे अभंग आहेत ज्यांत ती विठोबाला शिव्या घालते, त्याच्या बायकोसकट त्याचा उद्धार करते. नामदेवांच्या घरातल्या अभंगांत आई गोणाई आणि बायको राजाई विठ्ठलावर चक्क तक्रार करतात, की या देवाने आमचा संसार बुडवला. देवाशी भांडणं हे आपल्याकडे नास्तिकपण मानलं गेलं नाही. जवळच्या माणसाशीच भांडतात.

मग अपंग मुलाच्या आईने ही भाषा का उचलली नाही? मला दिसणारं कारण असं की संतांच्या भांडणाला सुरक्षितता आहे. ते जिंकणार हे ठरलेलं आहे. आईच्या भांडणाला ती नाही. तिने जाहीरपणे 'देवा, तू चुकलास' म्हटलं, तर ऐकणारा लगेच 'म्हणूनच तुझ्या वाट्याला हे आलं' म्हणायला मोकळा. घरात दुसरी मुलगी लग्नाची असते. सासू असते. अपंगत्वाची गोष्ट बाहेर गेली तर स्थळं येणं थांबेल ही भीती अजून गेलेली नाही. भक्तीच्या परंपरेने दिलेला हक्क समाजाने तिच्याकडून काढून घेतला आहे.

गद्यात हे कसं करता येईल याचा नमुना मात्र नव्वद वर्षांपासून आपल्यासमोर आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. विषय वेगळा आहे, पण श्रद्धेबद्दल खोटं न बोलता कसं लिहावं हे तिथे शिकता येतं. १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती झाला, त्यानंतर कैक वर्षांनी त्या झाल्या. हा सगळा प्रवास त्या सोवळ्याच्या, पाण्याच्या, स्वयंपाकाच्या तपशिलांतून सांगतात. स्वतःला हसतात, नवऱ्याला हसतात, मुलं गेल्याचं दुःख सांगतानाही उपदेश करत नाहीत. देव त्यांच्या गद्यात पाहुण्यासारखा येत नाही, घरातल्या माणसासारखा वावरतो.

अपंग मुलाच्या पालकाच्या गद्यात हे असं दिसेल: एकाच परिच्छेदात यूडीआयडी कार्डाचा अर्ज आणि सोळा सोमवार. २०१६च्या कायद्यातले २१ प्रकार आणि त्यांतल्या कुठल्या रकान्यात आपलं मूल बसतं याचा घोळ. मूल अठरा वर्षांचं झालं की आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो, हे कळल्यावरची ती सुन्न दुपार. निरामय योजनेतला एक लाखाचा विमा, आणि त्याच कागदांच्या फाइलमध्ये ठेवलेला अंगारा. हे तपशील वगळून लिहिलेली श्रद्धा अधांतरी राहते, कारण आईची श्रद्धा याच कागदांतून वाट काढत जगत असते.

लऊळपर्यंत आलेला देव

सोलापूर जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि या विषयावर ती मला सिद्धरामांच्या गोष्टीपेक्षा जास्त कामाची वाटते. कूर्मदासाची गोष्ट. महिपतींच्या १७६२ मधल्या 'भक्तविजय'मध्ये ती आहे, कीर्तनांत अजून रंगते.

कूर्मदास पैठणचा. त्याला हात-पाय नाहीत. कासवासारखा म्हणून कूर्मदास. कीर्तनात पंढरीचा महिमा ऐकून तो निघतो, जमिनीवर सरपटत, गडबडा लोळत. अंग सोलवटतं. वाटेत कुणी तोंडात घास घालतं. माढा तालुक्यातल्या लऊळपर्यंत येतो आणि एकादशीला पंढरपूर गाठणं शक्य नाही हे त्याला कळतं. तो यात्रेकरूंबरोबर निरोप धाडतो. मग विठ्ठलच पंढरपूर सोडून निघतो. वाटेत अरणला सावता माळ्याकडे थांबतो आणि लऊळला येऊन कूर्मदासाला भेटतो.

इथे काय घडत नाही ते बघा. कूर्मदासाला हात-पाय फुटत नाहीत. तो उठून चालू लागत नाही. चमत्कार होतो, पण शरीर आहे तसंच राहतं. बदलतो तो देवाचा रस्ता. अपंगत्वाबद्दलची जी दृष्टी जगभरच्या अपंगांच्या चळवळींनी गेल्या अर्धशतकात मांडली, की माणूस दुरुस्त करायची गरज नाही, जिने-रस्ते-शाळा दुरुस्त करा, तिची सावली अठराव्या शतकातल्या या ओव्यांत पडलेली आहे. लेखकाने ती ठरवून टाकलेली नाही, म्हणूनच ती मला जास्त विश्वासाची वाटते.

कूर्मदासाच्या कथेतही झोत भक्तावर आहे, आईबापांवर नाही. पण वाटेत तोंडात घास घालणारे ते अनाम लोक कथेत आहेत. माझ्या मते खरा धर्म त्यांच्याकडे आहे. 'देवा, याला माझ्या आधी ने' या प्रार्थनेला कुणी उत्तर दिलं असेल तर ते अशाच लोकांनी. नाशिकमध्ये रजनी लिमये यांनी स्वतःच्या मुलासाठी शाळा सापडेना म्हणून १९७७ मध्ये प्रबोधिनीची शाळा काढली. डोंबिवलीजवळच्या खोणीत अमेय पालक संघटनेच्या आईबापांनी 'घरकुल' उभं केलं, आपल्या माघारी मुलांना राहता यावं म्हणून. ती प्रार्थना मनात होतीच. पण देवाने आधी नेलं नाही तर काय, याचीही तजवीज त्यांनी केली. श्रद्धा आणि शंका दोन्हींना एकाच इमारतीत जागा दिली, असं म्हणता येईल.

मूल वाचेल तेव्हा

प्रामाणिकपणाची बाजू घेताना एक धोका सांगायला हवा. 'याला माझ्या आधी ने' हे वाक्य छापलं आणि ज्याच्याबद्दल ते आहे त्याने वाचलं तर? अपंग मुलं वाचतात. ऐकतात. न बोलणारी मुलं तर घरातलं सगळं ऐकत असतात, कारण त्यांच्यासमोर कुणी आवाज खाली करत नाही.

म्हणून पालकांच्या लेखनाशेजारी अपंग व्यक्तींचं स्वतःचं लेखन ठेवल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. नसीमा हुरजूक यांचा जन्म सोलापूरचा. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर त्यांच्या कमरेखालच्या शरीरातली शक्ती गेली. पुढे १९८४ मध्ये त्यांनी कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था स्थापन केली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मकथन. तिथे 'मी' म्हणणारी व्यक्ती खुर्चीत बसलेली आहे. घर, दवाखाना, देव, दयाळू नातेवाईक सगळं तिच्या उंचीवरून दिसतं. कौतुकाने भारावलेल्या पालकलेखनानंतर हे पुस्तक वाचलं की कळतं, आपण आतापर्यंत ज्याच्याबद्दल बोलत होतो त्याला खुर्ची पुढे ओढून घ्यायची आहे आणि बोलायचं आहे.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या अनेक मुलांना असं पुस्तक लिहिता येणार नाही. तिथे लेखकाची जबाबदारी वाढते. ती पाळली आहे की नाही हे ओळखायची माझी साधी कसोटी आहे. लेखात मुलाची एखादी अशी आवड आहे का, जिच्यातून काहीच सिद्ध होत नाही? त्याला कुठली भाजी आवडत नाही, कुठल्या गाण्याला तो कान झाकतो, कुठल्या काकांना बघून हसतो? 'चौकट राजा'मधला (१९९१) नंदू इतक्या वर्षांनी लक्षात राहतो तो त्याच्या हट्टांमुळे, त्याच्यामुळे इतरांना मिळालेल्या शिकवणीमुळे नव्हे. जिथे मूल फक्त आईला सहनशील करायला, बापाला नम्र करायला आणि वाचकाला रडवायला हजर आहे, तिथे ते मूल नसून दृष्टान्त आहे. आणि आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. मुलाचा आकांत, त्याची आंघोळ, त्याची फजिती दाखवून खाली 'देवाची लीला' लिहिणाऱ्या व्हिडिओंना लाखो हृदयं मिळतात. त्या मुलाला नको म्हणता आलं असतं तर त्याने काय म्हटलं असतं, एवढं लाइक करण्याआधी आपण विचारू शकतो.

पालकांनी काय लिहावं हे सांगायचा अधिकार समीक्षकाला नाही. वाचकांनी काय मागावं एवढंच सांगता येतं. सुखान्त नसलेल्या गोष्टी आपण मागायला हव्यात. आई देवावर चिडलेली असेल आणि तरी संध्याकाळी दिवा लावत असेल, तर यातलं खरं काय असं तिला विचारू नये. दोन्ही खरं असतं. लेखाच्या शेवटीही मूल बोललेलं नसेल, चाललेलं नसेल, तर लेख अपुरा राहिला असं समजू नये.

सिद्धरामांच्या कथेतल्या सुग्गलादेवीला तिच्या मुलाने शेवटी हाक मारली. समजा जंगम आलाच नसता. मुलगा तसाच गुरांमागे फिरत राहिला असता, संध्याकाळी घरी येऊन न मागता दही-भात जेवला असता, आणि तिने तो रोज कालवून ठेवला असता. त्या मुलाच्या नावाने गड्डा भरला नसता. पण त्या रोजच्या दही-भाताबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं, आणि आजही हवं आहे.